अमळनेरला जाणारी डबी

"खुळखुळतंय अजून," वामन मास्तर म्हणाले आणि पत्र्याची डबी त्यांनी पुन्हा उघडली.

आत नऊ बिल्ले होते. प्रत्येक बिल्ला पुठ्ठ्याच्या तुकड्यावर टोचलेला, पिनेच्या टोकाला ज्वारीच्या धाटातला पांढरा गर खोचलेला, भोवती कापूस. तरी कोपऱ्यातला एक हलत होता. मास्तरांनी तिथे आणखी कापूस दाबला, झाकण लावलं, डबी कानाशी धरून हलवली. आवाज नाही. मग ती त्यांनी सरुबाईंकडे सरकवली. मांजरपाटात डबी शिवून देणं हे बाईंचं काम.

संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. दरबारी शिपायांचे, चोपदारांचे, पागेवाल्यांचे बिल्ले कुणाच्या कामाचे उरले नव्हते. बुधवाऱ्याच्या बाजारातल्या जुन्या पितळवाल्याकडे ते भंगारात येत, आणि मास्तर शाळा सुटली की त्यातून निवडून आणत.

त्यांनी कागद घेतला. प्रिय लीलाधर, असं लिहून खुशाली लिहिली, बिल्ल्यांची नावं लिहिली आणि खाली सही केली: तुझा दिगंबर.

"अक्षर अगदी त्याचंच काढता," सरुबाई म्हणाल्या.

"मीच तर गिरवून घेतलं होतं त्याच्याकडून."

दिगंबरला जाऊन दीड वर्ष झालं होतं. निजामाच्या हद्दीवरच्या छावणीत जातो म्हणून तो निघाला, आणि श्रावणात छावणीप्रमुखांचं कार्ड आलं. गोळी लागली, अंत्यविधी इथेच केला, मुलगा शूर होता. एवढंच. सरुबाईंना लेकाचं तोंडही दिसलं नाही.

त्याच्या टेबलाच्या खणात एक अर्धवट बांधलेलं पुडकं सापडलं. वर अमळनेरचा पत्ता, लीलाधरचा. शाळेत असल्यापासून दोघं टपालाने बिल्ल्यांची अदलाबदल करत. मास्तरांच्या माहितीत प्रत्यक्ष भेट कधी नाही, नुसती कागदावरची दोस्ती. मास्तर त्या पोराला कळवायला बसले, पण हातून तो शब्द उतरेना. शेवटी पुडकं जसं होतं तसं दोरीने आवळलं, दिगंबरच्या अक्षरात दोन ओळी खरडल्या आणि टाकलं टपालात.

उत्तर महिन्याने आलं. 'दिगंबर, बिल्ले पोचले. दोन पिना वाकल्या, एकाचा रंगीत मीना उडाला. पुढच्या वेळी बांधणी नीट कर. घाई नाही.'

तोवर मास्तर अंथरुणाला खिळल्यासारखे झाले होते. शाळा बंद, जेवण नावाला. पत्र वाचून ते उठून बसले. मीना उडाला म्हणजे काय? तीन दिवस ते पुठ्ठे कापत बसले.

तेव्हापासून ही अकरावी डबी. लीलाधर दर पत्रात एखादी खोट काढी. कधी डबी खुळखुळली, कधी कापूस ओला निघाला, कधी दोन बिल्ले एकमेकांना घासले. "पोरगा भलताच चिकित्सक," मास्तर म्हणत आणि कामाला लागत. छावणीबद्दल तो चुकूनही विचारत नसे, याने त्यांना हायसं वाटे. पत्राच्या शेवटी मात्र ठरलेलं असे: काकूंचे गुडघे कसे आहेत?

"दिगूनं लिहिलं असेल त्याला कधी," सरुबाई म्हणत आणि गुडघे चोळत.

या खेपेला त्याने लग्न ठरल्याचं कळवलं होतं. 'तुला येता येणार नाही, हे मी जाणतो. काका-काकूंनी तिथूनच अक्षता टाकाव्यात.'

सरुबाईंनी सुईत दोरा ओवला, पण शिवायला घेतलं नाही.

"सांगून द्या हो त्याला."

"काय?"

"खरं ते. लग्नाला दोस्त गेला नाही तर जन्मभर मनात सल राहतो माणसाच्या. परक्याच्या पोराला कवरोक असं झुलवत ठेवाल?"

 मास्तरांनी लिहिलेलं पत्र फाडलं. दिगंबरचा सगळा संग्रह काढला, एकूण चौसष्ट बिल्ले. दोन दिवस ते एकेक टोचत, गुंडाळत बसले. दुसरं पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्यात श्रावणातलं सगळं सांगितलं, आणि खाली सही केली: तुझा अपराधी, वामन.

टपाल कचेरीतल्या मोतीलालने जड पार्सल उचलून विचारलं, "इस बार बहुत माल है, मास्तरजी?"

"सगळंच आहे," मास्तर म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळच्या गाडीने एक तरुण दारात येऊन उभा राहिला. उंच, सावळा, हातात पिशवी.

"मी लीलाधर."

सरुबाईंनी पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही. आधी वाकून दोघांच्या पायांना हात लावला. मास्तरांना ते सोसलं नाही.

"नको रे बाबा. पाया कसला पडतोस? तुला फसवलं मी. मेलेल्या पोराच्या नावानं तुझ्याशी दीड वर्षं..." त्यांनी त्याला खांद्यांना धरून उठवलं. "रागव माझ्यावर. पण दिगूचं नाव सुटलं असतं ना हातातून. दुसरं काही नव्हतं रे."

"मला ठाऊक होतं, काका."

"हो, पत्र पोचलं ना तुला."

"पत्राच्या आधीपासून," लीलाधर म्हणाला. "मीही त्याच छावणीत होतो. दिगंबरला अग्नी मीच दिला."