शेवटचा सूर

बँडमास्तरनं काठी उचलली आणि राजाची धून सुरू झाली. झेंड्याखाली उभ्या असलेल्या साहेबानं टाचा जुळवल्या, हात कपाळाला लावला. मांडवातले गोरे पाहुणे उठले. समोर उन्हात सगळं गाव ताठ उभं राहिलं. बारा वाजायला आले होते.

धून जेमतेम दीड मिनिटाची. ती चालू असताना कुणी हलायचं नाही, हा हुकूम साहेबाचाच. गेल्या वर्षी याच मैदानात बँडमास्तरच्या धाकट्या भावानं मानेवरची माशी हाकलली. एवढंच! पोस्टमन होता बिचारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साहेबानं त्याला झेंड्याच्या खांबाशी उन्हात उभं केलं, वर डोक्यावरची टोपीही काढून घेतली.

"ही राहू दे माझ्याकडे. उभं राहायला टोपी लागत नाही. तुम्हा काळ्यांना कुठं ऊन लागतं?"

चार तासांनी भाऊ कोसळला, तो परत उठलाच नाही.

त्या आठवड्यात बँडमास्तर कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. भावजयीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "हात उचलायचा नाही, भावजी. त्यांना तेच हवंय, म्हणजे गावावर गोळ्या घालायला मोकळे. पण सोडायचंही नाही त्याला. तुम्हाला माझी शपथ आहे."

मग वर्षभर दात-ओठ खात त्यानं ही एकच धून बसवली.

आता ती शेवटच्या सुरापाशी आली. बँडमास्तरनं तो सूर वाजूच दिला नाही. काठी फिरली आणि बँड पुन्हा पहिल्या ओळीवर आला.

साहेबाचा खाली येऊ लागलेला हात परत वर गेला. चुकली असतील गाढवं, असं त्याला वाटलं असणार. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही. पुढची रांग दमली की मागची उचलून धरायची, मागची दमली की पुढची. तालीम दुसरी कसली केली होती त्यांनी? इतकी सुरेख धून त्या बँडनं जन्मात वाजवली नव्हती.

नवव्या फेरीला साहेबाच्या कॉलरवरून घाम ठिबकायला लागला. डोळे वटारून तो 'थांब' म्हणत होता. बँडमास्तर आपला आज्ञाधारक चेहऱ्यानं काठी हलवतोय! आतून त्याला काय गार वाटत होतं म्हणून सांगू. हात खाली घ्यावा तर राजाचा अपमान, आणि मांडवातून सगळी गोरी मंडळी बघतायत. स्वतःचाच हुकूम, आता गिळणार कसा? गावातलं कुणी हललं नाही. भावजय सगळ्यांच्या पुढे, उघड्या डोक्यानं उभी होती. तिनं पापणीही लवू दिली नाही.

एकविसाव्या फेरीला साहेबाचा तोल गेला. टोपी घरंगळून धुळीत पडली.

"बस! बंद करा!" तो किंचाळला, आणि त्याचा हात खाली आला.

काठी थांबली. बँड थांबला. शेवटचा सूर राहिलाच.

बँडमास्तर पुढे निघाला तसे शिपाई बंदुका रोखून धावले. पण मारायचं कुणाला आणि कशासाठी? कुणी बोटसुद्धा उचललं नव्हतं. त्यानं वाकून टोपी उचलली, तिच्यावरची धूळ नीट झटकली. साहेबानं ती घ्यायला हात पुढे केला.

"धून संपायची होती, साहेब. तुम्ही हललात." बँडमास्तरनं टोपी काखेत मारली आणि खांबाकडे बोट दाखवलं. "ही राहू दे माझ्याकडे. उभं राहायला टोपी लागत नाही."