मुंबईचं औषध

बावन्न सालची गोष्ट. देवपूरचा वना मास्तर पुस्तकातून डोकं वर काढत नसे. एकदा त्याने वाचलं, की विश्वास असला तर नुसत्या पाण्यानेही दुखणं बरं होतं. घरात आई, भिकुबाई, गुडघे धरून पडूनच होती. मास्तरने बाटलीत साखरेचं पाणी भरलं, मुंबईच्या डॉक्टरचं औषध म्हणून सांगितलं आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून स्वतःच्या हाताने पाजलं. पंधरवड्यात आई धुणं घेऊन पांझरेवर निघाली.

मास्तरला राहवेना. "आई, ते साखरेचं पाणी होतं! तू निव्वळ विश्वासाने बरी झालीस!"

"व्हऊ दे ना, भाऊ," धुणं काखेत घेत आई म्हणाली. "तू रोज मन्हाजोडे बसना, तेच बरं वाटनं. दुखनं तरी कोठे खरं व्हतं?"