चारातला एक

"बसा. निकाल आलाय," घरातल्याच दवाखान्यात डॉ. प्रतापराव म्हणाले.

भव्याशेजारी गिरीराज बसला. तिच्या आईचा धाकटा भाऊ, आणि आता होणारा नवरा. बंगळुरातल्या त्यांच्यासारख्या जुन्या मराठी घरांत मामाला भाची दिली तर कुणाला नवल वाटत नाही. लग्न ठरलं तरी भव्याच्या तोंडून 'मामा'च यायचं. जिभेची सवय जाता जात नाही.

"तुझे आजोबा चाळिशीत आंधळे झाले. तो दोष गिरीराजमध्ये उतरलाय, तुझ्यातही निघाला. तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना काही होणार नाही. पण तुमच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. हे लग्न करू नका."

बाजारभाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मोतीबिंदूचं धो धो चालणारं हॉस्पिटल पस्तिशीत बंद करून हा माणूस आनुवंशिक आंधळेपणाच्या मागे लागला होता. चांगलं चाललेलं सोडून हे कसलं खूळ, असं लोक म्हणत. सोयरिकी मोडणारा डॉक्टर, हे नाव मात्र पक्कं झालं.

भव्याने नजर वळवली. कोपऱ्यात एक पांढरी काठी टेकून ठेवली होती. कुणी पेशंट विसरला असेल.

"चारात तीन चांगली होतील की, डॉक्टर," ती म्हणाली.

"होतील."

"मग?"

"चौथ्याला काय सांगशील?"

भव्याचं डोकं फिरलं. कळू लागल्यापासून तिनं दुसऱ्या कुणाला मनात आणलं नव्हतं. "आकडे सांगायला काय जातं? जीव लावलेलं माणूस सोडायचं म्हणजे काय, तुम्हाला काय कळणार?"

"भव्या, स्वल्प हळू," गिरीराज पुटपुटला. बाहेरच्या खोलीत नावं लिहून घेणाऱ्या कौशल्याबाई म्हणजे डॉक्टरांची बायको. त्यांच्या कानावर जायला नको होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"सरी, ठीक आहे. लग्न तुमचं, निर्णय तुमचा."

भव्या उठली. तिनं गिरीराजचा हात घट्ट धरला. तारीख पुढच्याच महिन्यातली धरायची, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात कौशल्याबाई घाईघाईने दार ढकलून आत डोकावल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या,

"मामा, आपल्या उमाजीची काठी इथं राहिलीय का? चाचपडत सगळं घर शोधतोय पोरगा."