रिव्हर्सचा आवाज

“आवाज नेमका कधी येतो, ताई?” मिस्त्रींनी विचारलं.

“दारात ट्रक मागे घेताना. रिव्हर्स टाकला की एकदाच, ठण्ण.”

“तुम्ही चालवता?”

“नाही. स्वयंपाकघरात ऐकू येतो.”

“मग ड्रायव्हरपेक्षा तुमचाच कान तिखट!” हसत हसत ते ट्रकखाली सरकले. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट त्यांनी हाताने हलवून पाहिला. सांध्यातला क्रॉस झिजून पार खुळखुळा झाला होता. “तुमच्या वडिलांना हजारदा सांगितलं, बदलून घ्या. ऐकतील तर शपथ! म्हणायचे, राहू दे रे, घरी कळतं मी आलो ते.”

ती जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

“एवढी घाई नाही,” खालून मिस्त्री म्हणाले. “पुढच्या महिन्यात आणलात तरी चालेल.”

“आजच बदला. ट्रक आता दादा चालवतो. आवाज आला की आई हातातलं टाकून दार उघडायला धावते, आणि त्याला बघून रोज उंबऱ्यातच मटकन बसते.”