मेणाचे दोन पाय

घ्या, बसली परत गुडघ्यांवर! पंच घड्याळं जुळवतायत, बाकीच्या मुली पाय मोकळे करतायत, आणि ग्रिझेल डिमेलो मैदानाच्या कडेला मातीत गुडघे टेकून डोळे मिटून बसलीय. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. कुंपणापलीकडे तिची आई हातात जपमाळ घेऊन ओठ हलवतेय. रचनाच्या पोटात दुखायला लागायचं ते इथूनच.

दोघी ठाण्यातल्या एकाच मैदानावर, हरिहर सरांच्या हाताखाली आठशे मीटर पळायच्या. ग्रिझेल तिथलीच, चर्चच्या मागच्या गल्लीतली. रचनाचे वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांच्याबरोबर ती पहाटे विठ्ठलवाडीहून निघायची. सराव दोघींचा सारखा, घाम सारखा, सरांची बोलणीही सारखीच. तरी दर वेळी ग्रिझेल पहिली आणि रचना दुसरी. आज जिल्ह्याची निवड होती आणि राज्य स्पर्धेला दोघींपैकी एकच जाणार होती.

ग्रिझेलच्या पायांचा रचनाला एवढा हेवा नव्हता. पाय काय, सरावाने कमावता येतात. हेवा होता तो तिच्या मागे उभ्या असलेल्या गोतावळ्याचा. येशू आहे, मरियम माऊली आहे, रविवारच्या मिस्सात नाव घेऊन प्रार्थना करणारे फादर आहेत. एकटीला एवढे सगळे! रचनाच्या घरी संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, मेणबत्ती लागायची, मन कसं शांत व्हायचं. पण मागायची काही सोय नाही. एकदा तिने विचारलंच, तर वडील हसले.

"मागायचं कुणाकडे, बाळा? पळायचं तुला, जिंकायचंही तूच."

बोलायला सोपं आहे, पप्पा. पळून बघा एकदा त्या पोरीच्या शेजारी.

म्हणून काल तिने ते केलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी ग्रिझेलची आई माऊलीपुढे मेणाचा पाय वाहते, हे तिला ठाऊक होतं. सराव संपल्यावर, कुणी ओळखीचं बघत नाही ना ते पाहून, रचना चर्चच्या फाटकाशी गेली. तिथे एक म्हातारी मेणबत्त्या आणि मेणाचे हातपाय घेऊन बसली होती.

"कोनाचा पाय दुखतो गो?" म्हातारीने विचारलं.

"कुणाचा नाही. शर्यत आहे माझी."

"अगो, दुखत असंल तर वाहतात हा. डिमेलोबाईच्या पोरीचा गुडगा सुजला व्हता, तवापासून ती वाहते. तुला काय झालंय? धडधाकट तर हायस." तरी म्हातारीने टोपली पुढे केली. "बरं, डावा देऊ का उजवा?"

आता आली का पंचाईत! पळायला तर दोन्ही लागतात. आणि डिमेलोबाई एकच वाहते ना? मग हिने दोन वाहिले तर?

"दोन्ही द्या," रचना म्हणाली.

म्हातारी तिच्या पायांकडे बघतच राहिली.

आत रचनाने दोन्ही पाय माऊलीपुढे ठेवले. काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून मनातलं होतं तेच बोलली. "ती तर रोजच येते. एकदा माझं ऐक. मला जिंकव आणि तिला हरव." बाहेर पडल्यावर लाज वाटली, पण थोडीच.

शिट्टी वाजली आणि मुली सुटल्या. पहिली फेरी ग्रिझेल पुढे, रचना तिच्या पाठोपाठ. दुसऱ्या फेरीतही तेच. शेवटच्या वळणावर ग्रिझेलची वेणी नेहमीसारखी डोळ्यांपुढे नाचत होती. रचनाने दात आवळले. छाती फुटायला आली, पायांत गोळे यायला लागले, तरी ती बाहेरच्या बाजूने सुटली. ती वेणी शेजारी आली आणि मग दिसेनाशी झाली. रेषा पार केली तेव्हा तिच्या पुढे कुणी नव्हतं.

"ऐकलं! ऐकलं तिने!" हाच रचनाच्या मनातला पहिला विचार.

हरिहर सर ओरडत आले, "अरे वा रे पठ्ठे! काय पळालीस!" मुलींनी तिला उचललं. ही मजा किती दिवस दुसऱ्याच्या वाट्याला जाताना तिने पाहिली होती. ती खाली उतरली आणि ग्रिझेलचं तोंड बघायला मुद्दाम कुंपणाकडे गेली.

"तुझी श्रद्धाच कमी पडली," डिमेलोबाई लेकीला म्हणत होत्या. "सकाळी प्रार्थनेत तुझं चित्त नव्हतं. मी बघत होते." आणि माळ गुंडाळून त्या निघून गेल्या.

ग्रिझेलने डोळे पुसले. रचनाला पाहून ती कशीबशी हसली.

"तुला सांगू? मी जाम जळते गं तुझ्यावर."

"माझ्यावर? तू?"

"मग काय! मी जिंकले की घरी सगळे म्हणतात, माऊलीने जिंकवलं. कुणी माझे पाय बघत नाही. हरले की मात्र मी हरले. तुझं बरंय. आज तू जिंकलीस ती तुझी तूच जिंकलीस ना, सगळीच्या सगळी? कुणाला वाटा द्यायचा नाही. कसं वाटतं गं?"

रचना "भारी" म्हणणार, तेवढ्यात तिला माऊलीपुढे ठेवलेले मेणाचे दोन पाय आठवले. तिला पुन्हा ग्रिझेलचाच हेवा वाटला. ग्रिझेलची हार तरी ग्रिझेलची स्वतःची होती.