डावीकडची चाकं

"आता म्हणावं तुझ्या लेकीला, शोधून दाखव एक तरी चरा," म्हातारा म्हणाला. त्याने रुपेरी रंगाचा स्प्रे खाली ठेवला आणि बसल्या जागीच पाय लांब केले.

सकाळपासून तो गाडीच्या डावीकडच्या दोन चाकांपाशी ठाण मांडून बसला होता. साबणाने मळ काढला, फुटपाथला घासून पडलेले चरे पॉलिशपेपरने गुळगुळीत केले, टायरला चिकटपट्टी लावली आणि मग रंग मारला. उजवीकडच्या चाकांना काही झालंच नव्हतं. मागच्या खेपेला लेकीने बजावलं होतं, "बाबा, मेंदूच्या झटक्यानंतर दवाखान्यातून आल्यापासून गाडी घासताय तुम्ही. पुन्हा चरा दिसला तर चिमणीला तुमच्या गाडीत बसवणार नाही." जन्मभर बस चालवलेल्या माणसाला ते फार लागलं होतं. आज नातीला फिरवून आणायचंच, असा त्याने हट्ट धरला होता.

म्हातारी चाकांकडे बघतच राहिली. पहिल्या चाकाची उजवी अर्धी बाजू अशी लखलखीत की तोंड बघून घ्यावं. डावी अर्धी मात्र तशीच, मळकट, खरवडलेली. चिकटपट्टीसुद्धा अर्ध्यावरच थांबलेली. दुसऱ्या चाकाचंही तेच.

"अहो, झालं सगळं?"

"मग काय ठेवलंय? डोळे तपासून घे तुझे."

तिला त्याची जेवणं आठवली. हल्ली त्याच्या ताटातली डावीकडची भाजी तशीच उरायची. तिला वाटायचं, आपल्याच हाताची चव गेली.

"हात धुऊन घ्या, चहा ठेवलाय टेबलावर," ती एवढंच म्हणाली. आत जाताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. त्याने चौकटीलाच शिवी हासडली.

लेकीसमोर त्याची फजिती झालेली तिला बघवली नसती. तिने स्प्रे उचलला. घासत बसायला वेळ नव्हता, तिने चऱ्यांवरूनच रंग मारला. लांबून तरी कळत नव्हतं.

लेक आली ती फाटकातूनच म्हणाली, "बाबा, नवीकोरी केलीत की चाकं! उगाच बोलले मी." चिमणी तर पळत जाऊन गाडीत पुढे बसलीसुद्धा. डावीकडच्या सीटवर.

त्याला डावीकडचं दिसत नव्हतं, हे फक्त म्हातारीला माहीत होतं. चाकं रंगवून पोरीला तिथे तिनेच बसवलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. ती आत गेली, खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या कपाच्या डाव्या बाजूला ठेवली.

चहा संपवून म्हातारा उठला. खिळा बघितला, खिसे चाचपले, पेपर उचलून पाहिला.

"किल्ली कुठे ठेवलीस गं?"

मागोमाग आत आलेली लेक हसली. "बाबा, ही काय समोर."

"कुठे?"

"असं काय करता? तुमच्या कपाशेजारी."

त्याने कपाकडे बघितलं. कपाच्या उजवीकडे हात फिरवला. मग कप उचलून त्याच्या खाली बघितलं.

लेकीचं हसू विरलं. तिने आईकडे पाहिलं, मग आईच्या बोटांना लागलेल्या रुपेरी रंगाकडे पाहिलं, आणि ती तडक गाडीकडे निघाली.

बाहेर चिमणी हॉर्न वाजवत होती. "आजोबा, चला ना!"

"आलोच गं बाई," म्हातारा म्हणाला, आणि त्याने पुन्हा उजवा खिसा चाचपला.