सराईची पाटी

असाहेल गेला आणि कनेक्टिकटच्या हमरस्त्यावरच्या त्याच्या सराईचा परवाना बायकोच्या, मेहिताबेलच्या नावावर झाला. कायद्यानं पाटीवरही आता तिचंच नाव हवं. लूथर पेंटरनं ‘असाहेल’वर पांढऱ्या रंगाचे जाड हात मारले, वर तिचं नाव काढलं आणि पाटी खांबाला टांगली. उतरतं ऊन तिरपं पडलं, तशी नव्या नावाखालून जुनी अक्षरं उठून दिसायला लागली.

“मेला तरी जागचा हलेना! नीट रंगवलंस ना रे?”

“रंगाचा दोष नाही, बाई. इतकी वर्षं ऊनपाऊस खाऊनही अक्षरांखालचं लाकूड शाबूत राहतं. झिजतं ते भोवतालचं.”

मेहिताबेलनं मनगटावरच्या जुन्या वणांवर बाही ओढली.

“ते मला नको सांगूस. जन्मभर त्याच्या भोवतीच होते मी.”